हातचा घास

४ मे

पोथीत मनातलं लिहायला जागा नसते. सव्वीस वर्षं मी कुळाच्या पोथीत लोकांचे बाप, आजे, पणजे लिहितोय; कोण कुणाचा, कोण कुठे पुरला, कुणाचा घोडा कुठल्या शर्यतीत पहिला आला. आज स्वतःविषयी चार ओळी लिहाव्याशा वाटल्या, म्हणून शाळेतली एक कोरी हजेरीवही शोधून काढली.

कुळातल्या वडीलधाऱ्यांची बैठक आमच्याकडे झाली. आमचा मूळपुरुष बोरीबाय. मोठा वीर. त्याच्या जन्माला यंदा दोनशे वर्षं होतात. सप्टेंबरात मोठं जेवण घालायचं, घोड्यांच्या शर्यती लावायच्या आणि त्या दिवशी माझी पोथी छापून घरोघरी एकेक प्रत द्यायची, असं ठरलं. 'बोरीबायची मुलं', लेखक सार्सेनबाय तोलेगेनउली, निवृत्त इतिहास शिक्षक. मी मान खाली घालून ऐकत होतो, पण एक शब्द निसटू दिला नाही.

काब्देश गप्प बसेल तर तो काब्देश कसला! तो आणि मी एकाच साली, एकाच हिवाळ्यात जन्मलो. आमच्यात अशा दोघांना एकमेकांना वाट्टेल ते बोलायची मुभा असते आणि चिडेल तो हरला. म्हणाला, "म्हाताऱ्या, पोथी जाड कागदावर छाप. जानेवारीत चूल पेटवायला बरी."

बहात्तर वर्षं हेच चाललंय. माझ्या नाकावर बोलून झालं, कवळीवर झालं, झेनेश माझ्याशी लग्नाला कशी फसली यावर तर दर ईदला नवी गोष्ट असते. फक्त माझ्या वडिलांचं नाव निघालं की गडी चहा ढवळत बसतो. वडिलांचा दराराच तसा होता.

बैठकीत अजून एक टूम निघाली. पलीकडच्या खोऱ्यातल्या कुळाने म्हणे डीएनएची परीक्षा करून घेतली आणि पुस्तकात छापलं, 'विज्ञानाने सिद्ध'. मग आपण काय घोडं मारलं? माझी नात अल्माटीच्या प्रयोगशाळेत हेच काम करते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणालो.

१० मे

माझी नात उल्बोसिन आली. तिच्या आधी दोन मुली, म्हणून तिचं नाव ठेवलं उल्बोसिन, म्हणजे 'मुलगा होऊ दे'. पाठीवर तिसरी बहीणच आली. आता हीच पोरगी दिवसभर पुरुषांच्या खुणा तपासत बसते. देवाला विनोद कळतो.

तिने ओट्यावर बसून समजावलं. प्रत्येक पेशीत एक लांबच लांब धागा, तो चारच अक्षरांत लिहिलेला. त्यातला एक तुकडा, वाय गुणसूत्र म्हणतात, बापाकडून मुलाला जवळपास जशाच्या तसा नकलून मिळतो. क्वचित नकलताना चूक होते. ती चूक मग त्या मुलाच्या सगळ्या वंशात उतरते. दोघांत सारख्याच चुका निघाल्या की दोघांचा बाप मागे कुठेतरी एकच.

मी म्हणालो, "हे मला काय शिकवतेस? माझ्याकडच्या तीन जुन्या वह्यांत बोरीबायच्या काळ्या घोड्याला लंगडा लिहिलंय. लंगड्या घोड्यावर बसून लढाई जिंकतात का? म्हणजे तिघांनी एकाच आंधळ्या मुल्लाची वही समोर ठेवून नक्कल केली."

ती हसत सुटली. "आजोबा, मग तुम्ही सव्वीस वर्षं आमचंच काम करताय." हे वाक्य मी प्रस्तावनेत घालणार आहे.

बाईच्या अंगात तो तुकडा नसतोच. म्हणून ती स्वतःचाही नमुना तपासणार आहे. तिच्या नळीत काही दिसता कामा नये. दिसलं तर कामात घाण झाली असं समजायचं.

दुपारी काब्देशचा नातू मदियार आमचा पाण्याचा पंप दुरुस्त करायला आला. दोन महिन्यांत तिसऱ्यांदा. योगायोग असा की तिन्ही वेळा उल्बोसिन सुट्टीवर घरी होती, त्यामुळे पोराला वेळेवर चहा तरी मिळाला. पंपाला मला तरी काही झालेलं दिसत नाही. पण मुलगा अभ्यासू. पोथीत फार रस.

"आजोबा, बोरीबाय उल्बोसिनचा कितवा?"

"सहावा."

"आणि माझा?"

"सहावाच."

"नीट मोजलंत ना? मध्ये एखादी पिढी लिहायची राहिली नसेल?"

चार वेळा मोजायला लावलं. सात पिढ्यांच्या आत पूर्वज एक निघाला की मुलगा-मुलगी भाऊ-बहीण, लग्नाची बातच नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तरी मी त्याला नियम नीट समजावला. त्याला बरं वाटलं असावं, कारण तो एकदम शांत झाला.

११ मे

नमुन्यांचा दिवस. कुळाच्या सगळ्या शाखांतले मिळून चौदा पुरुष, मी धरून. उल्बोसिनचा हुकूम: कुणी खायचं नाही, प्यायचं नाही, गालाच्या आतून कापसाची काडी फिरवेपर्यंत तोंड रिकामं. अहो, पण लोक दहा-दहा कोसांवरून आलेले, मेंढी शिजलेली, वास अंगणभर! तिच्या शब्दाखातर सगळ्यांनी चुळा भरल्या आणि अर्धा तास मुक्यासारखे बसले.

ती गाडीतून पेटी आणायला गेली. यजमान मी, बेशबर्माकची, म्हणजे उकडलेलं मटण आणि रुंद शेवयांची, परात माझ्यापुढे. पाहुण्याला आपल्या हाताने एक घास भरवला नाही तर ती परात पुढे ठेवून उपयोग काय? तिने खाऊ नका म्हटलं होतं. खाणं वेगळं आणि हातचा घास वेगळा. मी एकेकाच्या तोंडात मूठ-मूठ मटण कोंबलं, वडिलांनी शिकवलं तसं, प्रत्येक घासानंतर बोटं चाटून पुढच्याकडे. काब्देशला सगळ्यात मोठा घास. डोळे पांढरे झाले त्याचे. घास उतरल्यावर म्हणाला, "हा मी परत करीन."

उल्बोसिन आली ती ओरडायलाच तोंड उघडून. तिलाही भरवला. तिच्या प्रयोगशाळेच्या गाडीवरचा किम, त्याच्या आजोबांना कोरियन म्हणून हद्दपार करून आगगाडीत घालून इकडे आणलं होतं, तो कोपऱ्यात उभा होता. त्यालाही भरवला. त्याचाही नमुना घे म्हणालो, वाईट नको वाटायला.

ती लाल झाली, मग बोटांवर काहीतरी मोजलं आणि पुटपुटली, "मटणाचं एक वेळ चालेल, मेंढीचा धागा आमचं यंत्र वाचतच नाही." पुन्हा चुळा भरायला लावून तिने नमुने घेतले. उगाच घाबरते पोरगी.

२ जून

विजय! उल्बोसिनचा फोन. "आजोबा, एकच खूण सगळ्यांत सापडतेय, अगदी तुमच्यासारखी, पण जरा थांबा..." पुढचं ऐकायला मी थांबलो नाही. बाहेर जाऊन शेजाऱ्याला सांगितलं. शेजाऱ्याने दुकानात सांगितलं. संध्याकाळपर्यंत माझ्याकडे घोडीच्या दुधाच्या तीन बरण्या आणि एक टरबूज आलं. छापखान्याला कळवलं, मुखपृष्ठावर 'विज्ञानाने सिद्ध' टाका, मोठ्या अक्षरात.

४ जून

आज तिने फोनवर आधी शपथ घालून मला खुर्चीत बसवलं. "आजोबा, ती खूण माझ्यातही आहे. पूर्ण, स्वच्छ, पुरुषाची. आणि किमच्या नमुन्यातही आहे."

मला आधी आनंदच झाला. बोरीबाय इतका लांब गेला होता हे माझ्या वह्यांत नव्हतं.

मग ती बोलायला लागली. यंत्र म्हणे धाग्याची नक्कल करतं. तापवतं, थंड करतं, एकाचे दोन, दोनाचे चार, तीस वेळा. एका कणाचे शंभर कोटी. त्यामुळे माझ्या चाटलेल्या बोटांवरचं जे काही प्रत्येकाच्या गालाला लागलं, तेही तितकंच वाढलं. पुरुषांच्या नमुन्यात त्यांची खूण आणि माझी अशी खिचडी झाली. तिच्या नमुन्यात तिची खूण नसल्याने मी एकटाच ऐसपैस बसलो होतो.

"मटणाचा विचार केला मी," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "हाताचा केलाच नाही. लहानपणापासून भरवताय, लक्षातच आलं नाही."

काब्देश तासाभरात हजर. "ऐकलं का? सार्सेनबायने एका मेंढीच्या जोरावर तेरा पोरं, एक मुलगी आणि एक कोरियन जन्माला घातला! या वयात! झेनेशला सांगितलंस का?"

झेनेश आत भांडी घासत होती. तिच्या हसण्याचा आवाज मला इथवर आला.

९ जून

माफी मागायला आणि यंत्र बघायला अल्माटीला गेलो. मला पांढरा कोट, टोपी आणि हातमोजे घालायला लावले. हातमोज्यांच्या दोन जोड्या. बाकी सगळ्यांना एकच. इतका खटाटोप करून पडद्यावर दिसतं काय, तर डोंगर. लहान शिखरं, मोठी शिखरं, आणि पोरं त्याकडे देव बघितल्यासारखी बघत बसतात.

उल्बोसिनने त्या खिचडीचा डोंगर दाखवला. शेजारशेजारच्या दोन शिखरांवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "आजोबा, तुमचे वडील जन्मले कुठे?"

"इथेच. दुष्काळाआधी चार-पाच वर्षं."

"कागद आहे?"

"तीन आहेत. तिन्हींत सालं वेगळी. त्या काळी असंच होतं."

मी आयुष्यभर लोकांकडे दोन साक्षी मागितल्या, पण घरचं काय तपासायचं? दुष्काळात आजोबा येस्काराची तीन मुलं गेली, वडील तेवढे वाचले. गेलेल्यांची भरपाई म्हणून त्यांना तोलेगेन, म्हणजे 'भरून दिलेला', म्हणत, हे सगळ्यांना माहीत आहे. उल्बोसिनने पडदा बंद केला. मला स्टेशनवर सोडताना उगाच मिठी मारली.

१५ जून

पुन्हा नमुने. पहाटे, उपाशीपोटी. झेनेशने मला माझे दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसवलं आणि वर स्वतः पहारा दिला. काब्देश येताना जिभल्या चाटत आला, मुद्दाम.

२१ जून

आज घरात भांडण. तराझहून उल्बोसिनसाठी चांगलं स्थळ चालून आलं होतं, तिने फोनवरच नाही म्हटलं. हे चौथं. मी झेनेशला म्हणालो, "हिला हवंय तरी काय?"

झेनेशने पीठ मळता मळता माझ्याकडे पाहिलं. "तुला मेलेल्यांचं सगळं वाचता येतं रे. जिवंत माणूस दोन महिन्यांत तीनदा चांगला पंप खोलतो, ते वाचता येत नाही."

मी ओट्यावर जाऊन बसलो. मग उठून पंप पाहिला. त्याला चार नवे वायसर बसवले होते, गरज नसताना.

उल्बोसिनला फोन केला. तिने काही लपवलं नाही. "नियम मोडणार नाही आम्ही, आजोबा. तुमची पोथी खोटी पाडून लग्न करायचं नाही, हे मदियारच म्हणाला. त्याने अक्ताऊला नोकरी धरली आहे. सप्टेंबरच्या जेवणानंतर जाईल." अक्ताऊ म्हणजे देशाचं दुसरं टोक, पुढे समुद्र. मला राग यायला हवा होता, पण पोरीचा आवाज ऐकून तो आलाच नाही.

१ जुलै

उल्बोसिन फोन न करता स्वतः आली. झेनेशला बाजारात पाठवलं आणि कागद माझ्यापुढे ठेवला.

तेरा जणांची खूण एक. काब्देश त्यांतच. चौदाव्याची सतरा ठिकाणी वेगळी. एकदोन ठिकाणचा फरक नक्कल करणाऱ्याच्या चुकीने पडतो, सतराचा नाही. तिने माझ्या धाकट्या भावाचा नमुनाही मागवून तपासला होता. तो माझ्यासारखाच निघाला. म्हणजे वेगळेपण वडिलांपाशी किंवा त्यांच्या आधी सुरू होतं.

मी विचारलं, "यंत्र चुकलं असेल?"

"तीनदा केलं, आजोबा."

मग तिने जे सांगितलं ते इथे लिहून ठेवतो. म्हणाली, "हे अजून कुणालाच माहीत नाही. तुमची परवानगी नसेल तर कुणाला सांगताही येत नाही मला. चौदावा नमुना खराब झाला असं कळवते. पहिल्यांदा झालाच होता, कुणाला शंका येणार नाही. पोथी आहे तशी छापा."

तिला ठाऊक होतं की पोथी आहे तशी छापली म्हणजे सहावा पूर्वज तसाच राहिला, आणि मदियार अक्ताऊला गेला. तरी म्हणाली.

आणि मी हो म्हणालो. लिहायला लाज वाटते, पण मी हो म्हणालो.

१३ जुलै

बारा दिवस वही उघडली नाही. छापखान्यातून पानं तपासायला आली आहेत. सत्तेचाळिसाव्या पानावर येस्कारा, त्याखाली तोलेगेन, त्याखाली मी. इतकं सुबक छापलंय की खोटं वाटत नाही. वर्गात सात पूर्वज पाठ नसलेल्या पोरांना मी छड्या मारल्या आहेत. माझा स्वतःचा एकच निघाला.

झेनेश विचारते, पोटात दुखतंय का. हो म्हणतो.

१६ जुलै

काब्देशकडे गेलो. तो घोडीला खरारा करत होता. मी काही बोलायच्या आधीच त्याने खरारा खाली ठेवला. मी इतकंच विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"आजी सांगून गेली," तो म्हणाला. "तुझा बाप रुळाजवळ सापडला. चारेक वर्षांचा, नाव सांगता येत नव्हतं. माणसं रस्त्यात मरून पडत होती तेव्हा. येस्काराने अंगरख्यात गुंडाळून आणला आणि तिसऱ्या पोराची भाकरी त्याला दिली. तिसरा तेव्हा नुकता गेला होता."

"बहात्तर वर्षं माझ्या नाकावर बोललास, दातांवर बोललास, बायकोवर बोललास. हे कधी कसं नाही बोललास?"

"त्यात हसण्यासारखं काय होतं?"

त्याने खरारा उचलून पुन्हा घोडीला लावला. मी बाहीने नाक पुसलं. ते पाहून त्याला राहवलं नाही. "हं, नाक मात्र मी पहिल्यापासून सांगत होतो. आमच्या कुळात असलं नाक नाहीच. आणि ऐक, भाऊ म्हणून तू मला फार महागात पडलास. व्याही हो. व्याह्याला निदान नवा अंगरखा मिळतो."

त्यालाही पंपाचं ठाऊक होतं. मी सोडून अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

२० जुलै

वडीलधाऱ्यांपुढे मी उभा राहून सगळं वाचून दाखवलं.  मानाची जागा सोडून आधीच दाराशी बसलो होतो.

कुळातले सगळ्यांत वडील कोझाबेक, वय एक्याण्णव, त्यांनी आधी मला जागेवर परत बसायला सांगितलं. "येस्काराने आणला तो येस्काराचा. यात विचारण्यासारखं काय आहे? बस तिथे, वारा येतोय."

मग काब्देशने अगदी साळसूदपणे विचारलं, "आणि लग्नाचं, काका?"

म्हाताऱ्याने डोळे मिटून दाढी कुरवाळली. "लग्नाचा नियम रक्तासाठी केलाय. रक्ताचं यंत्राने सांगितलं. यंत्रावर पैसे तुम्हीच घातलेत ना? मग ऐका त्याचं."

"म्हणजे मी बोरीबायचा आहे की नाही?" मी विचारलं.

"जेवणाला आहेस. लग्नाला नाहीस. आता चहा आणा."

छापखान्याला रात्रीच कळवलं. मुखपृष्ठावरचं 'विज्ञानाने सिद्ध' काढा आणि सत्तेचाळिसावं पान बदला. तिथे आता असं आहे: 'तोलेगेन. येस्काराने दुष्काळात रुळाजवळून उचलून आणला. कुठला, कुणाचा, ठाऊक नाही. येस्काराचा मुलगा.' पोथी लिहायला सव्वीस वर्षं लागली, तिच्यातल्या एवढ्याच ओळींना तपासलेला पुरावा आहे.

२८ सप्टेंबर

जेवण झालं, शर्यती झाल्या, पोथ्या वाटल्या. मदियारने अक्ताऊची नोकरी सोडली. पंप आता खरोखर बिघडलाय, कारण चांगलं यंत्र पाचदा खोललं की बिघडणारच.

आज सोयरीक पक्की झाली. रिवाजाप्रमाणे व्याह्यांनी एकमेकांना मेंढीच्या शेपटीची चरबी आणि काळीज आपल्या हाताने भरवायचं, ते एकदा गिळलं की शब्द फिरवता येत नाही. काब्देशने बाह्या सरसावल्या. परातीतला सगळ्यात मोठा तुकडा निवडला, बोटं सावकाश चाटली, सगळ्यांना दाखवून, आणि मूठ माझ्या तोंडात मनगटापर्यंत कोंबली.

"मे महिन्यातला घास परत," तो म्हणाला. मग मागे वळून उल्बोसिनला हाक मारली. "पोरी, काडी आण! आत्ता घे तुझ्या आजोबाचा नमुना. बोरीबायचं अस्सल रक्त निघतंय की नाही बघ!"

सगळं अंगण हसलं. माझं तोंड भरलेलं होतं म्हणून त्याला उत्तर देता आलं नाही. डोळ्यांना पाणी आलं ते झेनेशने पाहिलं. तिला सांगितलं, घास मोठा होता.